वर सुकलं, खाली मुरलं

मार्च सरता सरता गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीहून एटापल्लीकडे निघा आणि सूरजागडच्या पहाडाकडे बघा. शेवटचा दमदार पाऊस होऊन पाच-सहा महिने झालेत. नाले कोरडे ठाक. सागाची झाडं उघडीबोडकी, खाली पानांचा खच. त्या पाचोळ्यातून साधं कुत्रं चाललं तरी अस्वल आल्यासारखा आवाज होतो. आणि या सगळ्या करड्या पसाऱ्यात मधेच एक झाड लालबुंद! लांबून वाटतं फुललंय. जवळ गेलं की कळतं, ही फुलं नव्हेत, पानं आहेत. कोवळी, तकतकीत, नुकतीच धुतल्यासारखी. हा कुसुम. याला पाणी कोणी पाजलं?

सूरजागड म्हटलं की हल्ली लोखंडाची खाणच आठवते. पहाडावरच्या ठाकूरदेवाला माडिया गोंड मंडळी तिच्या कितीतरी आधीपासून ओळखतात. आज मात्र लोखंड बाजूला ठेवू, झाडांच्या करामती बघू.

दरसालची तालीम

गडचिरोलीत पाऊस कमी पडत नाही. वर्षाला तेराशे-चौदाशे मिलिमीटर म्हणजे नगर-सोलापूरवाल्यांना हेवा वाटावा असा. पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकतो. उरलेले आठ महिने झाडांनी आपलं आपण बघायचं. म्हणजे इथल्या झाडाच्या आयुष्यात दुष्काळ हा पाहुणा नाहीच, तो दरसाल मुक्कामाला येणारा जावई. त्याची सरबराई कशी करायची, हे झाडाला पाठ आहे.

पहिला डाव पानगळीचा. पान म्हणजे चालू राहिलेला नळ, त्यावरच्या बारीक छिद्रांतून पाणी सारखं उडत असतं. सागाचं पान तर पत्रावळीएवढं. असे हजारो नळ एकदम बंद केले की मुळांनी खोलातून ओढलेलं पाणी बाहेर न जाता खोडातच साठत राहतं. खोड पुन्हा भरलं की कळ्या सुटतात. म्हणूनच कुसुमाला पालवी फुटायला पावसाची गरज पडत नाही. भर उन्हाळ्यात पालवणारी आशियाई मोसमी जंगलं शास्त्रज्ञांनाही बुचकळ्यात टाकत आली. २००६ सालच्या एका गाजलेल्या शोधनिबंधाने तर शीर्षकातच याला विरोधाभास म्हटलं. पाणी नसताना नवी पानं काढायचा हा जुगार कशासाठी? एक कारण असं मानतात, की पावसाबरोबर पानं खाणाऱ्या अळ्यांची फौज उतरते. तिच्या आधी पान जून झालेलं बरं. शिवाय पहिला पाऊस पडला त्या दिवशी कारखाना तयार हवा.

मोहाचंही तसंच. झाडावर पान नसताना रात्री फुलं उमलतात आणि पहाटे टपटप खाली पडतात. एक फूल उचलून चिमटीत दाबा. बोटं चिकट होतात, इतका रस. वर आकाश कोरडं, खाली जमीन तापलेली, आणि मधे हे झाड साखरेचं पाणी वाटत बसलंय. मोह वेचायला पहाटे चारला उठणाऱ्या बाईला यात नवल वाटत नाही, ते आपल्यालाच वाटतं.

मगरीच्या पाठीचं झाड

ऐन, इकडे बरेच जण येन म्हणतात. साल अशी खवल्याखवल्यांची की मगर उभी केल्यासारखी. याच झाडावर टसर रेशमाचे किडे पोसतात. पण याची खरी गंमत पोटात आहे. मार्च २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनाधिकाऱ्यांनी एका ऐनाच्या खोडावरच्या फुगवट्याला छेद दिला, तर नळ सुटावा तशी पाण्याची धार लागली. तो व्हिडिओ देशभर फिरला. अधिकाऱ्यांना ही खूण सांगितली होती तिथल्या कोंडा रेड्डी आदिवासींनी. गंमत म्हणजे सिरोंच्यापाशी प्राणहितेला पोटात घेणारी गोदावरीच पुढे जाऊन त्या पापिकोंडा डोंगरांतून वाहते. म्हणजे हा किस्सा आपल्याच नदीच्या खालच्या अंगाचा.

प्रत्येक ऐनात अशी टाकी नसते. तेव्हा कुऱ्हाड घेऊन निघू नये, ही विनंती.

कांडोळाची तऱ्हा आणखी निराळी. खडकाळ उतारावर पांढऱ्याफटक खोडानं उभा राहतो, रात्री चांदण्यात दचकायला होतं. इंग्रजांनीही त्याला भुताचं झाड म्हटलं. पण त्याची कागदासारखी साल जरा सोलली की आत हिरवं दिसतं. पानं नसताना साल थोडा स्वयंपाक करून घेते. घरची चूल बंद, स्टोव्हवर भागवणं चालू.

झाडाची बोटं मोडतात

झाड पाणी वर कसं चढवतं? ढकलत नाही, ओढतं. पान वरून ओढतं आणि खोडातल्या केसासारख्या नळ्यांमधून पाण्याचा अखंड धागा ताणला जातो. जमीन सुकली की ताण वाढतो आणि एका क्षणी धागा तुटतो. नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी निकामी होते. याचा आवाज येतो! १९६६ साली जॉन मिलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्याने सुकत चाललेल्या एरंडाच्या पानाला आवाज टिपणारं यंत्र जोडलं, तर कट् कट् ऐकू आलं. २०२३ मध्ये इस्रायलच्या संशोधकांनी तहानलेल्या टोमॅटो आणि तंबाखूच्या रोपांचे असेच टिचके नोंदवले, टोमॅटोचे तर तासाला तीस-चाळीस. ते आपल्या कानाच्या आवाक्यापलीकडचे असतात. नाहीतर मे महिन्यात जंगलात उभं राहवलं नसतं.

आता मुद्द्याची गोष्ट. फुटलेली नळी बहुतेक वेळा दुरुस्त होत नाही. झाडाला नवी नळी बांधावी लागते, म्हणजे नवं लाकूड घालावं लागतं. त्याला साखर लागते. साखर पानांतून येते आणि पानं तर दुष्काळात कमी निघालेली असतात. मग झाड मुळांत आणि खोडात साठवलेली ठेव मोडतं. एका वर्षी मोडली तर चालतं. पुढच्या साली चांगला पाऊस झाला की भरणा होतो. पण दुसऱ्या वर्षीही पाऊस दगा देऊन गेला तर? वऱ्हाडातल्या कुठल्याही कास्तकाराला विचारा. एक हंगाम बुडाला तर माणूस उसनवारीवर निभावतो, लागोपाठ दोन बुडाले की बैलजोडी विकावी लागते. २०१४ मध्ये देशाचा मॉन्सून सरासरीच्या ८८ टक्क्यांवर अडकला, २०१५ मध्ये ८६ टक्क्यांवर. झाडांच्या खातेवहीत अशी जोडवर्षं फार महागात पडतात.

किती महाग? २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात जगभरातल्या तेराशेहून जास्त ठिकाणच्या झाडांच्या वलयांचा हिशोब आला. कडक दुष्काळ संपल्यावरही झाडांची वाढ पूर्वपदावर यायला दोन ते चार वर्षं लागतात, असं त्यात निघालं. पाऊस आला म्हणजे दुष्काळ संपला, हे आपलं कॅलेंडर. झाडाचं वेगळं. आणि ठेव पार संपली की काय होतं, ते कॅलिफोर्नियानं पाहिलं. २०१२ ते २०१६ अशी सलग कोरडी वर्षं गेली, अशक्त झालेल्या झाडांवर साल पोखरणारे भुंगेरे तुटून पडले, आणि अमेरिकी वनखात्यानं मोजलेली मेलेली झाडं भरली सुमारे १२ कोटी ९० लाख.

सागाची रोजनिशी

उष्ण प्रदेशातली पुष्कळ झाडं वलयांच्या बाबतीत गबाळी. सागाचं अक्षर मात्र मोत्यासारखं. पाऊस सुरू होताना तो रुंद नळ्यांची एक रांग घालतो, इतक्या रुंद की तासलेल्या ओंडक्यावर नुसत्या डोळ्यांना टाचणीच्या भोकांसारख्या दिसतात. प्रत्येक रांग म्हणजे एक पावसाळा. रांगांमधलं अंतर भरघोस असेल तर साल बरं गेलं. दोन रांगा एकमेकींना चिकटल्या असतील तर त्या वर्षी हाल झाले.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं हीच रोजनिशी वाचायला घेतली. त्यासाठी झाड पाडावं लागत नाही. पोकळ गिरमिटानं खोडातून पेन्सिलीएवढी कांडी काढायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसायचं. हेमंत बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी केरळातल्या सागांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची सलग नोंद उभी केली. अरुंद वलयं पुष्कळदा एल निनोच्या आणि बिघडलेल्या मॉन्सूनच्या वर्षांशी जुळली. शिवरायांच्या जन्माच्याही दीडशे वर्षं आधीचा पावसाळा लाकडात लिहिलेला सापडावा, ही साधी गोष्ट नाही.

जुना साग आपल्याकडेही आहे. आलापल्लीजवळचं 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' हे राखून ठेवलेलं सागवन २०१४ मध्ये राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ झालं. तिथे मान वर करून बघताना टोपी पडते. आणि मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरच्या आगारातून वाजतगाजत अयोध्येला गेला तो सागही चंद्रपूर-गडचिरोलीचाच. राममंदिराच्या दारावर हात फिरवताना कुणाच्या मनात येणार नाही, पण त्या रेघांमध्ये इकडचे उन्हाळे आहेत.

दरसाल मरणारी पोरं

मोठ्या झाडांचं कौतुक झालं. मला सगळ्यात आवडतात ती मात्र वीतभर रोपं.

बिजा, साग, सालई यांची रोपं पावसाळ्यात उगवतात, चार पानं काढतात आणि उन्हाळ्यात वरून वाळून जातात. बघणारा म्हणतो, गेलं. पुढच्या जूनमध्ये त्याच जागी नवा कोंब. पुन्हा उन्हाळा, पुन्हा वर काडी. असं एक-दोन नव्हे, कैक वर्षं चालतं. दरम्यान जमिनीखाली मूळ दर पावसाळ्यात थोडं जाडावत असतं, ठेव वाढवत असतं. एका वर्षी ती इतकी होते की कोंब एका दमात उंच जातो, वणव्याच्या आणि शेळ्यांच्या आवाक्याबाहेर निघतो, आणि मग तो मागे वळून बघत नाही. रानातलं गुडघाभर रोपटं बघून त्याचं वय सांगू नये ते यासाठी.

तेंदूनं तर या विद्येचा धंदाच करून दिलाय. झुडूप छाटा, जाळा, मुळांतून धुमारे येणारच. तेंदूपत्त्याच्या हंगामाआधी खुंट कापतात ते कोवळ्या, रुंद पानांसाठी. मेच्या टळटळीत उन्हात पानांची पुडकी बांधली जातात ती त्या जमिनीखालच्या शिलकीच्या जिवावर. दरसाल काढून घेतलं तर शिल्लकही आटते, हे जुनी तोडणारी माणसं जाणतात.

आणि वनखात्यानं ही युक्ती सरळ उचलली. रोपवाटिकेत वाढवलेलं सागाचं रोप उपटतात, वरचा शेंडा जवळजवळ मुळापर्यंत उडवतात. बोटभर खोड आणि वीतभर मूळ एवढंच उरतं. याला म्हणतात सागजडी. पान नाही, माती नाही, पाणी नाही. वाळलेल्या गाजरासारखं दिसतं. पोत्यात भरून ट्रकमधून मैलोन्‌मैल नेतात, काही दिवस तसंच पडून राहतं. मग जूनचा पहिला पाऊस झाला की मजूर बाया रांगेनं निघतात. एकीनं पहारीनं भोक पाडायचं, दुसरीनं जडी घालून टाचेनं दाबायचं, पुढे सरकायचं. दहा-बारा दिवसांनी त्या टाचेच्या खुणेशेजारी दोन पानं दिसतात.