दगडात कोरलेले आरमार : एकसरचे वीरगळ आणि उत्तर कोकणची खाडी

स्वीडनच्या दक्षिण टोकाला, कोसेबेर्या गावाजवळच्या समुद्रकड्यावर 59 शिळा उभ्या आहेत. वरून पाहिले तर त्यांची आखणी 67 मीटर लांबीच्या नौकेची दिसते : दोन्ही टोके निमुळती, मधला भाग फुगीर. ‘आलेस स्तेनार’ या नावाने ओळखली जाणारी ही रचना सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीची मानली जाते. जर्मानिक भाषा बोलणाऱ्या उत्तर युरोपीय समाजांनी अशा दगडी नौका शेकडोंनी उभारल्या. बाल्टिक समुद्रातल्या गॉटलंड बेटावरच्या बऱ्याच नौका तर कांस्ययुगातल्या, म्हणजे जवळजवळ तीन हजार वर्षांपूर्वीच्या. डेन्मार्कमध्ये लिंडहोम होय येथे सातशेच्या आसपास दफनस्थाने असून त्यांतल्या अनेकांभोवती नौकेच्या आकारात दगड मांडलेले आहेत. येलिंगची नौका साडेतीनशे मीटरच्या घरातली. मृताला नौकेच्या स्वाधीन करायचे, आणि लाकडाची नौका परवडत नसेल किंवा पुरेशी वाटत नसेल तर ती दगडात आखायची, अशी ही रीत. सातशे किलोमीटरहून लांब किनारा असलेल्या महाराष्ट्राने समुद्रावर मेलेल्या आपल्या माणसांसाठी दगडात काय केले, हा प्रश्न त्यामुळे साहजिकच उभा राहतो.

नुसता आकार शोधायचा तर विदर्भात जावे लागते. नागपूरजवळच्या जुनापाणी, माहूरझरी, नायकुंड या ठिकाणी महापाषाणयुगीन शिलावर्तुळे आहेत. जुनापाणीला उत्खनन झाले ते 1867 मध्ये, रिव्हेट-कार्नॅक यांच्या हातून, पुढे शां. भा. देव यांच्या कामामुळे त्या संस्कृतीचे चित्र बरेच स्पष्ट झाले. माहूरझरीला माणसाबरोबर घोडाही पुरलेला सापडला, तोही तांब्याच्या अलंकारांसह. ज्याच्यावर स्वार होऊन माणूस जगला ते वाहन त्याच्याबरोबर द्यायचे, ही भावना तिथेही दिसते. पण ते लोक जमिनीवरचे होते, त्यांच्या वर्तुळात नौका नाही. महाराष्ट्रात मृत्यू, दगड आणि नौका एकत्र येतात ते पुष्कळ नंतर, आणि तेही उत्तर कोकणात. भिवंडीकडून उल्हास खाडी ओलांडून डोंगररांगेच्या पश्चिमेला उतरले की बोरिवलीचे एकसर लागते. तिथल्या सहा वीरगळांचे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांचे, वर्णन ठाणे जिल्ह्याच्या 1882 च्या गॅझेटियरमध्ये आहे. त्यांतले काही शिळापट तब्बल दहा फूट उंच आहेत. काहींवर जमिनीवरची लढाई कोरलेली आहे, बाकीच्यांवर समुद्रातली.

या समुद्रातल्या लढाया सावकाश पाहण्यासारख्या आहेत. एका शिळेच्या तळच्या कप्प्यात उंच नाळेची पाच गलबते ओळीने निघाली आहेत. त्यांना डोलकाठ्या आहेत आणि एकेका बाजूला नऊ-नऊ वल्ही. त्याच्या वरच्या कप्प्यात चार गलबतांनी शत्रूच्या एका गलबताला घेरले आहे आणि त्यावरची माणसे पाण्यात कोसळत आहेत. आणखी वर शिवलिंगाची पूजा, अप्सरा, आणि माथ्याशी कैलास. वीरगळ खालून वर वाचायचा असतो : मरण, मग पूजा, मग स्वर्ग. गॉटलंडच्या आठव्या शतकातल्या चित्रशिळाही बऱ्याचशा अशाच रचलेल्या आहेत. तळाशी शीड उभारलेले जहाज, आणि वर घोड्यावरून परलोकी पोचलेला वीर, त्याच्या स्वागताला पेयाचे शिंग हाती धरलेली स्त्री. एकमेकांची गंधवार्ता नसलेल्या दोन किनाऱ्यांनी दगडाची विभागणी इतकी सारखी करावी, हे विलक्षण आहे. तरीही माझा मुद्दा साम्याचा नाही, फरकाचा आहे.

उत्तर युरोपात नौका ही मृताची सोबती आहे. ती त्याला पलीकडे नेते, किंवा निदान त्याचे इथले मोठेपण पलीकडच्यांना सांगते. म्हणून तिची नुसती बाह्यरेषाही पुरते. आत वल्ही नाहीत, खलाशी नाहीत, शत्रू तर नाहीच. एकसरच्या वीराला पलीकडे न्यायला मात्र अप्सरा आहेत, नौकेवर ते काम पडलेलेच नाही. नौका इथे रणांगण आहे, जिथे माणूस मेला ती जागा. आणि तिच्यावर पारलौकिक अर्थाचे ओझे नाही म्हणूनच ती पुरावा म्हणून अधिक भरवशाची आहे, असे माझे म्हणणे आहे. शिल्पकाराला ती पवित्र करायची नव्हती, दाखवायची होती. उत्तर कोकणातल्या मध्ययुगीन लढाऊ गलबताचे इतके तपशीलवार चित्र देणारी साधने आपल्याकडे फार थोडी आहेत. आपण मात्र हे वीरगळ बहुतेक वेळा वीर कोण आणि राजा कोण एवढ्यासाठीच वाचत आलो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की वीरगळ हे ठरावीक साच्याचे काम असते, तेव्हा गलबतेही साच्यातलीच असणार. साचा होता हे खरे. पण तो जमिनीवरच्या लढाईचा होता. महाराष्ट्रभर विखुरलेल्या वीरगळांवर ढाल-तलवारीचे वीर, घोडेस्वार आणि गोधन वाचवताना पडलेले गडी पुन्हा पुन्हा भेटतात. आरमारी लढाईचे वीरगळ मोजके. गोव्यात कदंबकाळातले काही आहेत, आणि तिथेही समाज खाडी-बंदरांचाच. ज्याला नक्कल करायला पुरेसे नमुने नव्हते त्याने बंदरात जाऊन पाहिले असणार, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. गलबतांची प्रमाणे खरी नाहीत, माणसे नौकेच्या मानाने फार मोठी आहेत, हे मान्यच. ती मोजमापे कुणी जहाजबांधणीसाठी वापरू नयेत. पण डोलकाठी कोरूनही शिल्पकाराने सगळा जोर वल्ह्यांवर दिला, ही निवड आहे. वल्ह्यांचे गलबत वाऱ्याची वाट पाहत नाही. भरती-ओहोटीच्या, अरुंद, वळणावळणाच्या खाड्यांत तेच वेगाने फिरते आणि शत्रूला बाजूने घेरू शकते. उल्हास, वसई आणि ठाण्याच्या खाड्यांचा नकाशा समोर ठेवून हे कप्पे पाहिले की ही लढाई भर समुद्राची कमी आणि किनाऱ्यालगतची जास्त वाटते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. भवसागर, पैलतीर, तारून नेणारी नौका या कल्पना आपल्या भक्तिपरंपरेत खोल मुरलेल्या आहेत. मग एकसरच्या नौकेला तो अर्थ नसेल कशावरून? उत्तर शिळेच्या मांडणीतच आहे. तरून नेणारी नौका वरच्या, स्वर्गाकडच्या कप्प्यात यायला हवी होती. ती तळाशी, रक्तपाताच्या कप्प्यात आहे आणि तिच्यावर धनुर्धारी उभे आहेत. आपल्याकडे दहन असल्यामुळे नौकेचे थडगे झाले नाही, असेही कुणी म्हणेल. पण लिंडहोम होयच्या बहुसंख्य मृतांनाही अग्नीच दिलेला होता, आणि तरी त्यांच्या रक्षेभोवती दगडी नौका मांडली गेली. म्हणजे फरक अंत्यविधीचा नाही. परलोकाच्या वाटेवर वाहन कोणते, याबद्दलच्या समजुतीचा आहे.

राहिला प्रश्न काळाचा. वाचून उलगडेल असा मजकूर या शिळांवर उरलेला नाही, त्यामुळे इथे अनुमानच करावे लागते. काहींनी त्यांचा संबंध माळव्याच्या भोज परमाराच्या 1020 च्या सुमाराच्या कोकण मोहिमेशी जोडला. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी मात्र उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव राजा महादेव यांच्यातल्या, 1265 च्या सुमाराच्या युद्धाकडे बोट दाखवले. मला मिराशींचे मत जवळचे वाटते. भोजाचे ताम्रपट कोकण जिंकल्याचा उत्सव सांगतात, आरमाराबद्दल काही म्हणत नाहीत. उलट महादेवाचा मंत्री हेमाद्री आपल्या राजप्रशस्तीत सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचे स्पष्ट सांगतो. महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा त्याला समुद्रातला वडवानल बरा वाटला, असा त्याचा आशय. ही जेत्याची कविता आहे, साक्ष नाही, हे ध्यानात ठेवूनही पाणी आणि पराभव यांची सांगड ती घालतेच. उरणजवळच्या रानवड आणि चांजे येथील लेखांवरून सोमेश्वर 1259-60 मध्ये राज्य करत होता हेही पक्के आहे. घाटमाथ्यावरच्या यादवांना गलबते कुठून मिळाली, ही शंका रास्त आहे. पण किनाऱ्यावरची ठाणी हाती आली की गलबते आणि ती वल्हवणारे हातही मिळत असत, हे कोकणच्या पुढच्या इतिहासातही दिसते.

गलबते इथे होती आणि राज्य त्यांवर चालत होते, याला कोरीव चित्राबाहेरचाही आधार आहे. शिलाहार राजा अनंतदेवाच्या शके 1016 च्या खारेपाटण ताम्रपटात दोन अमात्यांच्या जहाजांना स्थानक (ठाणे), शूर्पारक (सोपारा), चेमूल्य (चौल) अशा बंदरांत जकात माफ केलेली आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ठाण्याच्या राज्याबद्दल लिहितो की तिथले चाचे राजाच्या संमतीने समुद्रात उतरत आणि लुटीतले घोडे राजाला देत. व्यापार, जकात, चाचेगिरी आणि युद्ध या साऱ्यांना एकच गलबत लागत होते. ही परंपरा पुढेही खाडीतच राहिली. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी जहाजे बांधायला घेतली, आणि 1659 च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात त्या जागा म्हणून कल्याण, भिवंडी आणि पनवेल यांची नावे आहेत. मराठ्यांच्या आरमाराची कथा आपण तिथून सुरू करतो; ती जवळजवळ चारशे वर्षे मागे न्यायला हवी, आणि त्यासाठी एकसरच्या शिळा हा सर्वांत बोलका आधार आहे.

अशा शिळा भिवंडीच्या परिसरातही सापडू शकतात : या तालुक्यातल्याच भादाण्याच्या नावाने अपराजित शिलाहाराचा शके 919 चा, म्हणजे 997 चा, ताम्रपट ओळखला जातो. लोनाडची लेणीही याच तालुक्यातली. वळ, पूर्णा, काल्हेर, काशेली या पट्ट्यात आता भातखाचरांच्या जागी गोदामे उभी आहेत आणि भरावाचे काम अजून चालूच आहे. बांधावर, देवळाच्या आवारात किंवा खोदकामात कोरीव शिळा दिसली, तर ती जागेवरून हलवू नये, तिच्यावर शेंदूर वा ऑइलपेंट चढवू नये. सर्व बाजूंनी फोटो काढून ग्रामपंचायतीला आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे. आणि तळच्या कप्प्यात गलबत असेल, तर त्याची वल्ही मोजून तेवढे आवर्जून लिहावे.