लॅबची वेबसाइट साधी चालेल, पण माहिती खोटी पडता कामा नये



पॅथॉलॉजी लॅब, फिजिओथेरपी सेंटर किंवा घरी नर्स पाठवायची सेवा सुरू करताय? मग वेबसाइट बनवणारा तुम्हाला आधी डिझाइन दाखवेल. हलणारे फोटो, मोठ्ठा बॅनर. छानच दिसतं. पण तुम्ही त्याला आधी एकच प्रश्न विचारा: उद्या लॅबची वेळ बदलली, तर वेबसाइटवर ती कोण बदलणार आणि किती वेळात?

कपड्याच्या दुकानाची वेळ चुकली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. इथे तसं नाही. उपाशीपोटी शुगर तपासायची तर आधी किमान ८ तास काही खायचं नसतं. वेबसाइटवर सातची वेळ वाचून मधुमेह असलेल्या आजी तशाच आल्या आणि शटर साडेआठला उघडलं, तर त्यांच्या जिवाशी खेळ होतो. आणि गेलेला विश्वास ऑफर देऊन परत येत नाही.

बदल तुमच्या हातात हवा

वर्डप्रेससारख्या सिस्टिममध्ये तुम्ही किंवा काउंटरवरची मुलगी मजकूर बदलू शकता. वेळ, फोन नंबर आणि दर एकाच ठिकाणी भरले की सगळ्या पानांवर बदलले पाहिजेत, ही अट आधीच घाला. दरपत्रकाचा फोटो चिकटवू नका. दर बदलला की तो जुना होतो. प्रत्येक तपासणीचं वेगळं पान करा: कशासाठी, उपाशी यायचं का, रिपोर्ट कधी, दर किती. पेशंट फोन करून हेच तर विचारतो!

भरवसा कशाने येतो?

- डोमेन आणि होस्टिंग तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर घ्या. बनवणारा माणूस गेला तरी दुकानाची चावी तुमच्याकडे राहते.
- बॅकअप आपोआप निघाला पाहिजे. तो परत चढवून एकदा तपासा.
- साइट मोबाइलवर पटकन उघडली पाहिजे. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा निकष आहे.
- फॉर्ममध्ये नाव, फोन, सोयीची वेळ एवढंच मागा. आजाराची माहिती गरजेशिवाय घेऊ नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आहे, त्यामुळे कशासाठी माहिती घेताय ते स्पष्ट लिहा आणि संमती घ्या.

काय लिहायचं नाही?

'या औषधाने मधुमेह मुळापासून बरा' असल्या जाहिरातीला १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्याने बंदी आहे. सोनोग्राफी सेंटर असेल तर गर्भलिंग तपासणीची जाहिरात १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, इंटरनेटवरसुद्धा. एनएबीएलची मान्यता मिळालेली नसेल तर तिचं चिन्ह लावू नका. त्यापेक्षा लॅबमधल्या डॉक्टरांचं नाव, शिक्षण आणि नोंदणी क्रमांक लिहा. पेशंट तेच शोधतो.

आता गृहपाठ. वेबसाइट झालेली असेल तर आज रात्री घरातल्या वयस्कर माणसाच्या हातात मोबाइल द्या आणि सांगा, "लॅब किती वाजता उघडते ते शोधा." तुम्ही मध्ये बोलू नका. ते जिथे अडकतील, तिथून दुरुस्ती सुरू करा. बॅनर नंतर बघू!