बाकाची हद्द

सीतास्वयंवरात शिवधनुष्य नेमके कुठे मोडले, हा प्रश्न आख्यान पाहताना कुणाला पडत नाही. वाल्मीकींनी मात्र जागा सांगून ठेवली आहे: मध्यावर. लोखंडी पेटीतून आणलेल्या त्या धनुष्याला रामाने दोरी चढवली, ओढली आणि ते मधोमध तुटले. भक्तीचा भाग बाजूला ठेवला तरी हे वर्णन यंत्रशास्त्राला धरून आहे. दोरी ओढली की धनुष्याला वाकवणारा जोर टोकांशी शून्य असतो आणि मुठीकडे येताना वाढत जातो. मुठीजवळ लाकूड पुरेसे रुंद किंवा जाड ठेवले नसेल, तर मोडण्याची जागा तीच.

मोडण्याची जागा आधी सांगता येते, तशी मोडण्याची घडीही बरीचशी आधी सांगता येते. लाकडी धनुष्य करण्याच्या कलेत अंदाज, हाताची सवय आणि नशीब यांचा वाटा मोठा मानतात. तो असतोही. पण मुळाशी चौथीच्या मुलाला जमेल इतके सोपे गणित आहे, आणि ते न करता रंधा हातात घेणाऱ्यांमुळे चांगले लाकूड वाया जाते असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणतीही लाकडी पट्टी वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. धनुष्यात बाहेरच्या बाजूला पाठ म्हणू, तिरंदाजाकडच्या बाजूला पोट. मधला एक थर ना ताणला जातो ना दाबला जातो. पाठ आपल्या लांबीच्या किती टक्के ताणली गेली, याला भौतिकशास्त्राच्या पुस्तकात विकृती म्हणतात. ती काढायला फक्त दोन मापे लागतात: पट्टीची जाडी आणि वाकाची त्रिज्या. जाडीला त्रिज्येच्या दुपटीने भागले की विकृती मिळते. रुंदीचा इथे काही संबंध नाही. पट्टी दोन बोटे रुंद असो की चार, एकाच जाडीची आणि एकाच गोलाईत वाकलेली असेल तर दोन्ही सारख्याच ताणल्या जातात.

धनुष्याची ताकद वाढवायची म्हणून जाडी वाढवण्याची चूक इथूनच होते. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो हे खरे, पण त्याच बाकाला विकृतीही दुप्पट होते. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पटच होतो, विकृती मात्र जागची हलत नाही. म्हणून जाडी ठरवायची ती लाकडाच्या सहनशक्तीवरून आणि जोर कमी-जास्त करायचा तो रुंदीवरून. अमेरिकेत १९३०च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन, पॉल क्लॉपस्टेग आणि फॉरेस्ट नागलर यांनी धनुष्य प्रयोगशाळेत नेले ते याच वाटेने. इंग्रजी पद्धतीच्या अरुंद, जाड, गोलसर पोटाच्या धनुष्यापेक्षा पसरट चौकोनी छेदाचे धनुष्य लाकडावर कमी अन्याय करते, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. १९४७ साली त्यांचे लेख पुस्तकरूपाने निघाले. यातले हिकमन बेल प्रयोगशाळेतले. दुसऱ्या महायुद्धात ते रॉकेटच्या कामाकडे वळले. बाणाचा माणूस अग्निबाणाकडे गेला, इतकेच.

आता एक धनुष्य प्रत्यक्ष मांडून पाहू. लांबी १७० सेंटिमीटर, दोरी चढवल्यावर मुठीपासून तिचे अंतर १५ सेंटिमीटर, आणि बाण सोडताना दोरी मुठीपासून ७० सेंटिमीटरपर्यंत ओढायची. संपूर्ण धनुष्य एकसारख्या गोलाईत वाकते असे धरले, तर पुऱ्या ओढीला त्या गोलाईची त्रिज्या सुमारे १ मीटर येते. लाकूड ०.८ टक्के विकृती बिनतक्रार सोसत असेल तर जाडी १६ मिलिमीटर. ०.६ टक्केच सोसत असेल तर १२. दोन्हींत फरक चार मिलिमीटरचा, पण रुंदी आणि लाकडाचा मूळ ताठपणा सारखा धरला तर १२ मिलिमीटरच्या पट्टीत १६ च्या पट्टीचा ४२ टक्केच ताठपणा उरतो. तो भरून काढायला रुंदी जवळजवळ अडीचपट करावी लागते. मूठ कडक ठेवून फक्त दोन्ही भुजाच वाकू दिल्या तर वाकणारी लांबी घटते, त्रिज्या आणखी लहान होते आणि जाडी आणखी उतरवावी लागते. बाक एकसारखा यावा म्हणून जाडी कायम ठेवून रुंदी टोकाकडे सरळ रेषेत निमुळती करतात. मुठीशी जोर जास्त तिथे लाकूड जास्त.

हा ०.८ आणि ०.६ चा आकडा आणायचा कुठून? सोपी वाट म्हणजे डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेचे तक्ते. भारतीय लाकडांच्या ताकदीची मोजदाद तिथे झाली, आणि त्यात व्ही. डी. लिमये यांचे काम पायाभूत आहे. एल. एन. सीमन यांच्यासोबतचा त्यांचा ग्रंथ १९३३ चा, बांबूच्या ताकदीवरचा लेख १९५२ चा. सागाला १०० गुण देऊन बाकीच्या लाकडांना त्याच्या तुलनेत मोजण्याची पद्धत आजही लाकूड व्यवसायात वापरतात. सागाचे मोडण्याचे बळ सुमारे ९५ मेगापास्कल आणि ताठपणा मोजणारा यंगचा गुणांक सुमारे १२ गिगापास्कल, भागाकार ०.८ टक्के. युरोपातल्या यू या झाडाचा हाच भागाकार १.१ टक्क्यांच्या आसपास जातो. इंग्लंडच्या मेरी रोझ या १५४५ साली बुडालेल्या आणि १९८२ साली वर काढलेल्या जहाजात दीडशेहून अधिक धनुष्ये निघाली, ती यूची होती. पण हा भागाकार मोडण्याचा, वापरण्याचा नव्हे. लाकूड मोडण्याच्या बरेच आधी हार मानते: पोटाकडचे तंतू चेंगरतात, दोरी उतरवली तरी धनुष्य सरळ होत नाही, वाकलेलेच राहते. म्हणून आकड्याच्या पाऊणपटीपलीकडे जाऊ नये. सागाला ०.६ आणि यूला ०.८ हे आकडे या हिशेबाने आले.

तक्ता नसला तरी अडत नाही. लाकडाच्या त्याच ओंडक्यातून ६ मिलिमीटर जाडीची सरळ रेषांची पट्टी काढा. ४० सेंटिमीटर अंतरावर दोन टेकू ठेवा, पट्टी त्यावर आडवी ठेवून मध्यभागी वजन टांगा आणि मध्य किती खाली गेला ते मोजा. खाली गेलेले अंतर, जाडी आणि ६ यांचा गुणाकार करून टेकूंमधल्या अंतराच्या वर्गाने भागा, सगळे मिलिमीटरमध्ये. मध्य ३५ मिलिमीटर खाली गेला तर उत्तर ०.००७९, म्हणजे ०.७९ टक्के. वजन काढल्यावर पट्टी पूर्ण सरळ झाली तर तेवढी विकृती सोसते. वजन थोडे थोडे वाढवत न्या. ज्या पायरीला पट्टी पहिल्यांदा वाकलेली राहिली, तिच्या आधीची पायरी ती त्या लाकडाची हद्द. पट्टीचा बळी गेला तर जाऊ द्या, धनुष्य वाचते.

गोव्यात शिवोलीहून शापोरा नदीवरचा पूल ओलांडून पेडणे तालुक्यात उतरले की चोपडे लागते. धनुष्यांसाठी या गावाचे नाव कुणी घेत नाही. पण या गणिताची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते, कारण इथली हवा. खाडीकाठची, खारी, आणि पावसाळ्यात चार महिने ओलीचिंब. परदेशी पुस्तके धनुष्याच्या लाकडात ९-१० टक्के ओलावा असावा म्हणतात. कोकणपट्टीत पावसाळ्यात उघड्यावरचे लाकूड १७-१८ टक्क्यांवर जाऊन बसते. ओलावा एक टक्का वाढला की लाकडाचे दाब सोसण्याचे बळ साधारण ६ टक्के घटते, ताठपणा मात्र २ टक्केच. म्हणजे १२ टक्क्यांवरून १८ वर गेलेल्या लाकडाचे दाबाचे बळ ३० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि ताठपणा १२ टक्के. ०.८ ची हद्द ०.६४ च्या आसपास येते. वरच्या उदाहरणातले १६ मिलिमीटरचे धनुष्य मे महिन्यात निर्धोक असेल, तर श्रावणात त्याची निर्धोक जाडी १३ मिलिमीटरपेक्षाही कमी भरते. ओले धनुष्य एकदम तुटत नाही, ते हळूहळू वाकडे होऊन बाण मंद करते. लोक त्याला लाकडाचा दोष म्हणतात. तो ऋतूचा दोष आहे.

उपाय दोन. चुलीवरच्या माळ्यावर लाकूड वाळवून, तेल-मेण चोळून ओल बाहेर ठेवायची, किंवा धनुष्य थोडे लांब आणि पातळ करून पावसाळ्याच्या हद्दीत बसवायचे. मी दुसरा निवडेन. तेलामेणाने ओल सावकाश शिरते, पण शिरते.

लाकडे मात्र इथे तोलामोलाची आहेत. पश्चिम घाटाच्या उतारांवरची धामण हादरा सोसण्यात सागाला मागे टाकते. आयुर्वेदाच्या निघंटूंत तिला धनुर्वृक्ष हे नावच आहे. आणि पेडणे, सावंतवाडी, कुडाळच्या परसांत वाढणारा माणगा. हा बिनकाट्याचा बांबू इतर बांबूंइतका पोकळ नसतो, म्हणून त्यातून जाड पट्टी निघते. बांबूचे तंतू बाहेरच्या सालीजवळ दाट असतात, आतल्या बाजूला विरळ. म्हणून साल पाठीला ठेवून ती अजिबात तासायची नाही. रंधा चालवायचा तो पोटावर. पेरांचे उंचवटेही तसेच सोडायचे. सातपुड्यातले भिल्ल आपला कामठा बांबूचाच करतात, दोरीही बांबूच्या सालीची. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताडाची, वेळूची, लाकडाची आणि शिंगाची अशी धनुष्याची चार द्रव्ये आहेत, आणि दोरीच्या यादीत रुई, ताग, स्नायू यांच्यासोबत वेळूही आहे. दोन हजार वर्षांत सातपुड्याने ही यादी बदलण्याची गरज मानली नाही. भारतीय तिरंदाजी संघटनेच्या इंडियन राउंड स्पर्धेत आजही बांबूचे धनुष्य चालते.

पदवीच्या पहिल्या वर्षी तुळईच्या बाकावरून यंगचा गुणांक काढण्याचा प्रयोग असतो. गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी त्यात पोलादी पट्टीशेजारी माणग्याची आणि धामणीची पट्टी ठेवावी, एकदा मेमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये. वापरण्याजोगे स्थानिक आकडे त्यातून मिळतील. माणगा मिळवणे अवघड नाही. २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन कायद्याच्या वृक्ष या व्याख्येतून बांबू वगळला गेला आहे. धामण तोडायची तर गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. आणि तयार धनुष्य घेऊन जंगलात शिरू नका: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्रांच्या व्याख्येत बंदुकीसोबत धनुष्यबाणही आहे.