कारखाना कशावर उभा राहतो?



“गाळप चांगलं झालं, मग बिल उशिरा का?” हा प्रश्न गटसभेत हमखास येतो. त्याचे निम्मे उत्तर कारखान्याच्या आवाराबाहेर आहे.

1932 मध्ये सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात कायम केली. त्या वेळी देशात तीसच्या आसपास असलेले कारखाने चार-पाच वर्षांत शंभरावर गेले. साखर करण्याची विद्या आधीही होती. बाजाराची हमी नव्हती.

आता टिकण्याचा हिशेब पाहू. 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 102.5 किलो साखर पडते. 2019 मध्ये किमान विक्री दर किलोला 31 रुपये ठरला, म्हणजे टनाला सुमारे 3177 रुपये. 2018-19 ची एफआरपी 2750 होती. 2024-25 ला ती 3400 झाली, किमान दर मात्र 31 वरच होता. बाजार तिथवर घसरला, तर साखरेतून एफआरपीसुद्धा निघत नाही. पगार, चुना-गंधक वेगळेच. शिवाय गोदामातल्या साखरेवर बँकेची उचल असते. क्विंटलला 3000 रुपये उचल व 12 टक्के व्याज धरले, तर महिनाभर पडून राहिलेल्या साखरेचे 30 रुपये गेलेच म्हणा.

दर आणि व्याज आपल्या हाती नाही, उतारा आहे. तो अर्धा टक्का वाढला तर टनाला 5 किलो साखर, किमान दराने 155 रुपये. तेव्हा लागणीची नोंद वेळेवर द्या, कोवळा ऊस तोडू नका, पाचट-वाढे काढूनच मोळी बांधा. तोडीचा क्रम मोडला, की नुकसान शेजाऱ्याचे आणि आपलेही.

– ऊस विकास अधिकारी