ऊस, मनिऑर्डर आणि मत

मालवणच्या किनाऱ्यावरून महाराष्ट्राच्या राजकारणाकडे पाहू लागलो म्हणजे आम्हांस एक विसंगती प्रथम जाणवते. १९६० पासून १९९५ पर्यंत, १९७८ ते १९८० हा काळ वगळला तर, राज्याची सत्ता काँग्रेसकडे होती. पण या किनाऱ्याचा समावेश असलेल्या राजापूर मतदारसंघाने लोकसभेवर १९५७, १९६२ व १९६७ साली बॅ. नाथ पै आणि १९७१ ते १९८९ या काळात पाच वेळा प्रा. मधु दंडवते यांना पाठविले. दोघेही समाजवादी. असे का व्हावे?

१९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली होती. १९६० साली राज्य मिळाले, प्रश्न मिटला आणि त्या प्रश्नावर एकत्र आलेल्या समितीचे पक्ष पांगले. १९६२ साली काँग्रेसने विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. परंतु एवढ्याने एका निवडणुकीचा उलगडा होतो. १९७२ साली २७० पैकी २२२ जागा मिळाल्या, त्यांचा होत नाही.

त्याचे उत्तर उसाच्या फडात आहे. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे असे कारखाने पसरले. तोडलेला ऊस साठवून ठेवता येत नाही; तो वेळेवर गाळला गेला पाहिजे. म्हणून तोडीची पाळी कारखान्याकडून आणि पीककर्ज सोसायटीमार्फत जिल्हा बँकेकडून. १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. रस्ता आणि शाळा तेथून. अनेक ठिकाणी या सर्व संस्थांत तीच मंडळी, आणि ती काँग्रेसची. यशवंतराव चव्हाणांनी विरोधकांनाही पक्षाचे दार उघडे ठेवले. ज्याला भांडावयाचे, तोही घरातच भांडू लागला.

आमच्याकडे ऊस नव्हता. भात, आंबा, मासळी, आणि मुंबईच्या गिरणीतून येणारी मनिऑर्डर. ज्याची चूल पोस्टमनच्या वाटेवर डोळे लावून बसते, त्याचे मत कारखान्याचा चेअरमन कसे बांधणार? येथूनही काँग्रेसचे आमदार गेले, हे खरे. पण साखळी पक्की बसली नाही. पुढे १९९० साली मालवणने शिवसेनेचे नारायण राणे निवडून दिले. तो पक्षही मुंबईचाच. चाकरमान्याच्या वाटेनेच तो येथवर आला, असे आम्हांस वाटते.

तेव्हा एका पक्षाचे वर्चस्व केवळ भाषणांनी होत नाही. पोट आणि मतपेटी यांची किल्ली एकाच हाती आली म्हणजे ते होते. आमच्या किनाऱ्याची किल्ली गावात कुणाच्याच हाती नव्हती. म्हणून मत मोकळे राहिले. पण पोटासाठी पोरांना गाव सोडावा लागला. मत मोकळे आणि पोटही गावातच भरते, अशी व्यवस्था कशी आणावयाची, हा प्रश्न अजून शिल्लकच आहे.