जुना स्टॉक, नवा स्लॉट: सेलमधला कॉम्प्युटर घ्यायचा का?

हेडफोन हाताशी नसेल तर आजचा भाग इथे वाचून काढा.

विषय आला एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजमधून. इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष. लॅमिंग्टन रोडवर गेला, तर दुकानदार म्हणाला, "प्रोसेसर, मदरबोर्ड आणि ८ जीबी रॅम, पूर्ण सेट घेऊन जा, शेवटचे दोनच पीस राहिलेत." सेट डीडीआर४ चा. शेजारी डीडीआर५ चा सेट होता, पण बराच महाग. पैसे बाबांचे आणि पुढची चार-पाच वर्षं दुसरा कॉम्प्युटर मिळणार नाही. म्हणून विचारतोय, "दादा, यात माझा फायदा आहे, की मला गंडवतायत?"

आधी हे डीडीआर प्रकरण समजून घेऊ. रॅम म्हणजे कॉम्प्युटरचा स्वयंपाकाचा ओटा. डबे फडताळात, म्हणजे एसएसडीत, पण काम चालतं ओट्यावर. डीडीआर४, डीडीआर५ या त्या ओट्याच्या पिढ्या. त्यांचे नियम जेडेक ही संस्था ठरवते. डीडीआर५ चे नियम जुलै २०२० मध्ये आले. डीडीआर४ चा अधिकृत वेग ३२०० पर्यंत जातो, डीडीआर५ बाजारात आली तीच ४८०० पासून.

आता खरी गोम ऐका. डेस्कटॉपच्या दोन्ही पट्ट्यांना पिना २८८ च, पण मधली खाच वेगळ्या जागी. त्यामुळे डीडीआर५ ची पट्टी डीडीआर४ च्या बोर्डात बसतच नाही. जोर लावून बसवायला गेलात तर बोर्ड हातात येईल!

मग दुकानदार जुना माल का काढतोय? इंटेलचे बारावी ते चौदावी पिढीचे प्रोसेसर दोन्ही प्रकारच्या रॅमवर चालायचे, बोर्ड कुठला यावर ठरायचं. पण एएमडीने सप्टेंबर २०२२ मध्ये एएम५ आणलं, ते फक्त डीडीआर५ वर. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेलचे डेस्कटॉपचे कोअर अल्ट्रा आले, तेही फक्त डीडीआर५ वर. म्हणजे दुकानातल्या जुन्या बोर्डांचं गिऱ्हाईक दर महिन्याला कमी होणार. त्यात पैसा अडकलेला. म्हणून बोर्ड, प्रोसेसर आणि थोडी रॅम एकत्र बांधून सेट करायचा आणि मोकळं व्हायचं. यात फसवणूक नाही, धंदा आहे.

पण 'थोडी रॅम' या शब्दांवर थांबा. आपल्याला वाटतं, जुनी वस्तू म्हणजे पुढे आणखी स्वस्त होणार. आत्ता ८ जीबी घेऊ, पुढच्या वर्षी आणखी ८ टाकू. २०२५ मध्ये उलटं झालं. मोठ्या कंपन्यांनी डीडीआर४ चं उत्पादन आवरतं घ्यायला सुरुवात केली आणि भाव भडकले. काही काळ तर ती डीडीआर५ पेक्षा महाग झाली! वर्षाच्या शेवटी एआय सर्व्हरच्या मागणीमुळे डीडीआर५ सुद्धा चढली. म्हणून एकच गोष्ट डोक्यात ठेवा: जुन्या पिढीचा सेट घेत असाल, तर लागणारी सगळी रॅम पहिल्याच दिवशी घ्या. त्या रॅमचे पैसे धरूनच दोन सेटच्या किमतींची तुलना करा. कदाचित फरक वाटला तेवढा उरणारच नाही.

दुकानात काय बघायचं?

- बोर्डाचा पूर्ण मॉडेल नंबर मोबाईलवर शोधा. जवळपास सारख्याच नावाचे डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन्ही बोर्ड असतात.
- १६ जीबी घेताना ८-८ च्या दोन पट्ट्या घ्या. दोन्ही मिळून काम करतात, वेग वाढतो.
- पक्कं बिल घ्या आणि प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर त्यावर लिहून घ्या. वॉरंटी कुठल्या तारखेपासून, तेही तिथेच विचारा.
- लॅपटॉप असेल तर रॅम सोल्डर केलेली आहे का, ते विचारा. असेल तर ती नंतर वाढवता येत नाही.

आता आपल्या मित्राचं उत्तर. कोडिंग, असाइनमेंट आणि हलके गेम एवढंच असेल, तर डीडीआर४ चा सेट बिनधास्त घे, पण १६ जीबीचा भाव करूनच. घरच्या जुन्या पीसीत डीडीआर४ च्या पट्ट्या पडल्या असतील, तर सोन्याहून पिवळं. पण तीन वर्षांनी नवा प्रोसेसर टाकायचा विचार असेल, तर थोडं थांब, पैसे साठव आणि डीडीआर५ घे. सुरुवातीला रॅम कमी असली तरी पुढचा रस्ता उघडा राहतो. एएम५ ला २०२७ आणि त्यापुढेही साथ देऊ, असं एएमडीने जाहीर केलंय.

आणि हो, "शेवटचे दोनच पीस" ऐकून घाई करू नकोस. एक चहा पी, बाजारात एक चक्कर मार, आणखी दोन दुकानांत भाव विचार आणि मगच बाबांना फोन लाव.

तुम्ही असा सेट घेतला असेल तर अनुभव व्हॉइस मेसेजवर पाठवा. भेटू पुढच्या भागात!