दप्तरातलं वेळापत्रक

बेळगावच्या एका मराठी शाळेत मी दुसरीचा वर्ग घेते. एका मुलीचं दप्तर रोज फुगलेलं. पण हवी ती वही कधी वेळेवर सापडायची नाही. एकदा सगळ्यांदेखत रागावले. ती रडत म्हणाली, "बाई, आईला कन्नडच वाचता येतं. म्हणून ती सगळ्याच वह्या भरते."

मीच खजील झाले. त्याच दिवशी वेळापत्रक मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहून घरी पाठवलं. प्रत्येक विषयाच्या वहीला वेगळ्या रंगाचं कव्हर घालायला सांगितलं. वर्गातही नियम केला: बाकावर एकच वही, पेन्सिल कंपासपेटीत, शाळा सुटण्याआधी पाच मिनिटं आवराआवर.

आता मायलेकी रात्री मिळून दप्तर भरतात. पालकहो, दप्तर भरून देऊ नका. मुलांना भरू द्या, तुम्ही फक्त शेजारी बसा.